माइक बदलण्याआधी पाठीमागची भिंत बघा

पत्र थोडक्यात असं: नोकरी सांभाळून गाणी लिहिणारे एक वाचक गिटारवर ती बसवतात आणि फोनवर रेकॉर्ड करतात. "गाणं बरं असतं, पण ऐकताना बाथरूममध्ये गायल्यासारखं वाटतं," असं ते म्हणतात. खोली भाड्याची, साधारण तीन बाय साडेतीन मीटरची, खिडकीखाली रस्ता, भिंतींना खिळे ठोकायला मनाई. वर्षभर साठवलेले थोडे पैसे आहेत. एक मित्र सांगतो, चांगला कंडेन्सर माइक (बाहेरून वीज लागणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा) घे, बाकी काही लागत नाही. दुसरा म्हणतो, मॉनिटर स्पीकरशिवाय (रेकॉर्डिंग पारखायचे स्टुडिओतले स्पीकर) मिक्सिंग, म्हणजे गिटार आणि गळा एकत्र जुळवणं, होतच नाही. ऑनलाइन एक 'संपूर्ण स्टुडिओ' डबा खुणावतोय. भिंतींना लावायच्या फोमची ऑर्डर तर देऊनही झाली आहे: ३० बाय ३० सेंटीमीटरचे, अडीच सेंटीमीटर जाडीचे २४ तुकडे. त्याने खोली साउंडप्रूफ होईल आणि शेजाऱ्यांची कटकट मिटेल, असा हिशेब. प्रश्न असा की पैसे अपुरे आहेत, तर चांगलं सामान हप्त्यांवर घ्यावं की डब्यावर भागवावं?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ते बाथरूमचं. फोनच्या माइकचा दोष असता तर आवाज पातळ येतो, चिरका येतो, खरखरतो, असं काहीतरी तुम्ही लिहिलं असतं. तुमची तक्रार घुमण्याची आहे, आणि घुमते ती खोली. आता याच खोलीत, याच जागी, फोनऐवजी भारी कंडेन्सर ठेवला तर काय होईल? तीच खोली जास्त बारकाव्यांसकट रेकॉर्ड होईल.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. फोन विमान मोडवर टाका. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये डब्ल्यूएव्ही फॉरमॅट असेल तर तो निवडा, आणि आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करता येत असेल तर करा. मग एकच ओळ तीनदा गा. पहिल्यांदा फोन तोंडापासून ६० सेंटीमीटरवर. दुसऱ्यांदा १५ सेंटीमीटरवर, पण तोंडाच्या अगदी समोर न धरता जरा बाजूला, नाहीतर 'प' आणि 'फ' फुटतील. तिसऱ्यांदा तसंच १५ सेंटीमीटरवर, फक्त घरातली सगळ्यात जाड रजई दुहेरी करून तुमच्या पाठीमागे कपडे वाळवायच्या स्टँडवर टाका. तिन्ही टेक इयरफोनवर एकापाठोपाठ ऐका.

पहिल्या आणि दुसऱ्या टेकमधला फरक ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. अंतर निम्मं केलं की तोंडातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत फिरून येणारा मात्र होता तेवढाच राहतो. ६० वरून १५ वर येणं म्हणजे दोनदा निम्मं. १२ डेसिबलचा हा फायदा फुकटात मिळतो, आणि कुठलाही माइक विकत घेऊन तो मिळत नाही.

रजई पाठीमागेच का, हे नीट समजून घ्या, कारण इथे जवळजवळ सगळे उलटं करतात. गाण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात: त्यांना समोरचं ऐकू येतं, पाठीमागचं फारसं नाही. त्या माइकच्या समोर कोण? तुम्ही. आणि तुमच्या मागे? उघडी भिंत. तुमचा आवाज खोलीभर हिंडून त्या भिंतीवरून परततो आणि सरळ माइकच्या तोंडात शिरतो. माइकच्या पाठीमागे लावायची ती अर्धगोल ढाल विकत घेणारे लोक माइकला जिथून कमी ऐकू येतं तीच बाजू झाकत बसतात. फोनचा माइक चहूकडचं ऐकतो, त्यामुळे तिसऱ्या टेकमधला फरक तुम्हाला थोडा कमी वाटेल. कार्डिऑइडवर तो चांगलाच जाणवतो.

आता फोम. अडीच सेंटीमीटरचा फोम वरचे सूर शोषतो, खालचे सोडून देतो. कारण साधं आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ५०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ६९ सेंटीमीटर. शोषण चांगलं व्हायचं तर भिंतीपासून तिच्या चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे १७ सेंटीमीटरपर्यंत, काहीतरी मऊ, सच्छिद्र असायला हवं. गाणाऱ्या आवाजाचा भरीवपणा १५० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो आणि लहान खोली नेमकी तिथेच घुमते. पातळ फोमने भिंती मढवल्या की 'स' आणि 'श' मरतात, घुमार तसाच राहतो. ऐकणारा म्हणतो, बाथरूम गेलं, आता पेटीत बसून गातोय. अंड्यांच्या पुठ्ठ्यांचे ट्रे त्याहून वाईट: शोषत जवळपास काहीच नाहीत आणि पेट घेतात चटकन.

आणि शेजारी? फोमने शेजाऱ्यांना काडीचाही फरक पडणार नाही. खोलीतला घुमार शोषणं आणि भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला जाड, सच्छिद्र, हलकं काहीतरी लागतं. दुसऱ्याला वजन लागतं आणि फट चालत नाही. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का एवढी जरी फट उरली तरी काच कितीही जाड बसवा, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. म्हणून भाड्याच्या खोलीत साउंडप्रूफिंगचा नाद सोडा. खिडकीच्या आणि दाराच्या चौकटीला रबरी पट्टी चिकटवा, दाराखालची फट गुंडाळलेल्या टॉवेलने बंद करा, आणि बाकीचं घड्याळावर सोपवा. रस्ता कधी शांत असतो, शेजारी कधी बाहेर असतात, हे दोन दिवस टिपून ठेवलंत तर तीच तुमची रेकॉर्डिंगची वेळ. पंखा बंद, फ्रिजचा आवाज खोलीत येत असेल तर दार लावून.

पाठीमागची भिंत पुढे पक्की करायची असेल तर दोन पॅनेल बनवा. खिळ्यांची गरज नाही, पाय लावून उभी करता येतात. एका पॅनेलला रॉकवूलच्या (दगडी तंतूंची लोकर) ६० बाय १२० सेंटीमीटरच्या, ५ सेंटीमीटर जाडीच्या दोन लाद्या लागतात. घनता घनमीटरला ४० ते ६० किलोच्या आसपास बघा. चौकटीला १० सेंटीमीटर रुंद आणि २ सेंटीमीटर जाड फळ्या घ्या: १२० सेंटीमीटरच्या दोन, ६४ च्या दोन. मागून दोन आडव्या पातळ पट्ट्या मारल्या की लाद्या निसटत नाहीत. कापड साधारण १०० बाय १६० सेंटीमीटर. कापड निवडायची कसोटी अशी: तोंडाला लावून फुंका, हवा आरपार गेली पाहिजे. हवा अडली तर आवाजही वरच्यावर परतेल. लाद्या कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, त्या तंतूंनी अंगाला भयंकर खाज सुटते. दोन्ही पॅनेल तुमच्या पाठीमागे उघड्या पुस्तकासारखी, भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे उभी करा. ती मागची पोकळी फुकटची जाडी आहे, वाया घालवू नका.

खोलीत उभं कुठे राहायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. अगदी मध्यभागी नको, कोपरा तर नकोच. कुठल्याही एका भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर सुरुवात करा आणि टाळी वाजवत फिरा. टाळीमागून बारीक झणझण ऐकू आली की समजा दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. त्यातली एक तरी झाका. कपड्यांच्या कपाटात शिरून गाण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. कपाट उघडून, कपड्यांकडे पाठ करून बाहेर उभं राहा. आत शिरलात की जागा इतकी लहान होते की आवाज कोंदट येतो.

हे सगळं झाल्यावर माइक. तुमच्या मित्राचं पूर्ण चुकलेलं नाही. अकूस्टिक गिटारच्या तारांची चमक कंडेन्सर छान टिपतो, आणि हळू, बोटांनी वाजवणाऱ्याला त्याचा फायदा होतो. पण तुमच्याकडे खाली रस्ता आहे आणि खोली अजून तयार व्हायची आहे. माझं मत डायनॅमिकच्या, म्हणजे स्टेजवर गायक हातात धरतात तसल्या, बाहेरची वीज न लागणाऱ्या माइकच्या बाजूने. त्यामागचं कारण मात्र लोक सांगतात ते नाही. डायनॅमिक खोली ऐकतच नाही, असं ठासून सांगणारे बरेच भेटतील. अंतर तेच, पॅटर्न (माइक कुठल्या बाजूचं ऐकतो ते) तोच असेल तर गायक आणि खोली यांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच येतं. फरक इतकाच की डायनॅमिकला ५ सेंटीमीटरवरून गायलेलं सोसतं. कंडेन्सरवर इतक्या जवळून श्वास, ओठांची चुटचुट आणि 'प'चा धक्का हेच आधी ऐकू येतं. जवळ गेल्याने खालचे सूर फुगतात, ते नंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापून टाकायचे.

शुअर कंपनीचे एसएम५७ आणि एसएम५८ हे अनुक्रमे १९६५ आणि १९६६ साली आलेले माइक अजून बनतात. दोघांची कॅप्सूल एकाच घराण्यातली. गिटार आणि गळा दोन्ही एकाच माइकवर करायचं असेल तर पॉप फिल्टर ('प', 'फ'चा वारा अडवणारी जाळी) लावलेला ५७ पुरतो. फक्त गाणंच असेल तर ५८. जुना घ्यायला अजिबात हरकत नाही, जाळी चेपलेली असली तरी चालेल. बनावट ५८ मात्र खूप फिरतात. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम असतं, तेव्हा खिशात छोटा वजनकाटा घेऊन जा आणि विकणाऱ्यासमोरच मोजा. लाजू नका. जुना कंडेन्सर मात्र ओळखीतला असल्याशिवाय नको, दमट हवेत राहिलेला किंवा पडलेला असला तर बाहेरून कळत नाही.

डायनॅमिकची एक अडचण आधीच सांगून ठेवायला हवी. त्याचा सिग्नल कंडेन्सरपेक्षा साधारण २० डेसिबलने दुबळा असतो, म्हणजे इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) गेन, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणारं बटण, बराच वर न्यावा लागतो. गाताना अडचण येत नाही. कुजबुजत्या आवाजात बोलणाऱ्याने २० सेंटीमीटरवर डायनॅमिक ठेवला की स्वस्त इंटरफेसची बटणं शेवटच्या टोकाला जातात आणि सळसळ सुरू होते. पॉडकास्ट करणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं: एकच आवाज, एकच जागा आणि पुढे वाढवायचं काही नसेल तर चांगला यूएसबी माइक बरा. तुम्हाला तो सुचवत नाही, कारण गिटारला आणि गळ्याला एकाच वेळी वेगळे माइक लावावेसे वाटले की तो मार्ग तिथेच संपतो.

त्या 'संपूर्ण स्टुडिओ' डब्याबद्दल. अशा अनेक डब्यांत कंडेन्सर माइक असतो, पण त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) देणारं काहीच नसतं. केबलच्या एका टोकाला तीन पिनांचं एक्सएलआर, दुसऱ्याला हेडफोनसारखी बारीक पिन; ती लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये खुपसायची आणि तिथून मिळणाऱ्या चार-दोन व्होल्टवर माइकने जगायचं. उपाशी माइक सळसळतो आणि आवाज बारीक देतो, मग लोक सॉफ्टवेअरमध्ये आवाज वाढवतात आणि सळसळही तेवढीच वाढते. डब्याच्या वर्णनात तीन गोष्टी शोधा: ४८ व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेलं, केबलच्या दोन्ही टोकांना एक्सएलआर, आणि साउंड कार्डचा स्वतःचा ड्रायव्हर. यातली एक जरी नसेल तर डबा दुकानातच राहू द्या.

इंटरफेस घेताना दोन इनपुट, त्यातला एक थेट गिटार लावता येणारा, ४८ व्होल्ट आणि डायरेक्ट मॉनिटरिंग (स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये) एवढं बघा. बाकी दिवे आणि चकत्या बघू नका. तोही जुना चालतो, पण पैसे देण्याआधी लॅपटॉप घेऊन जा. प्रत्येक इनपुट वाजवून बघा, बटण फिरवताना कर्रकर्र येते का ते ऐका, यूएसबीचं सॉकेट हलवून बघा, आणि कंपनी तुमच्या आजच्या विंडोजसाठी किंवा मॅकसाठी ड्रायव्हर अजून देते का ते आधीच शोधून ठेवा. ड्रायव्हर बंद झालेला इंटरफेस कितीही स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

मॉनिटर स्पीकर सध्या नको. तुमची तीन मीटरची भिंत ५७ हर्ट्झच्या आसपास आपसूक वाजते, त्याच्या पटींतही वाजते. एका जागी बसून ऐकाल तर बास धो धो, हातभर मागे सरकाल तर गायब. अशा खोलीत स्पीकरवर केलेलं मिक्स बाहेर कुठेच तसं वाजत नाही. त्या पैशांत बंद पाठीचे चांगले हेडफोन घ्या. गाताना माइकमध्ये गळत नाहीत आणि मिक्सिंगलाही चालतात. सोनीचे एमडीआर-७५०६ तीसहून अधिक वर्षं स्टुडिओंत याच कामाला आहेत, तोच दर्जा डोळ्यांसमोर ठेवून तुमच्या ऐपतीतले शोधा. मिक्स झालं की फोनच्या स्पीकरवर, साध्या इयरफोनवर, मिळाल्यास गाडीत ऐका.

पैशांची वाटणी ढोबळमानाने अशी करा. लॅपटॉप आहेच असं धरून, शंभर भागांतले तीस इंटरफेसला, पंचवीस माइकला, वीस हेडफोनला, पंधरा खोलीला, दहा स्टँड, केबल आणि पॉप फिल्टरला. स्टँडवर कंजुषी नको. हलका स्टँड माइकच्या वजनाने हळूहळू मान टाकतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत माइक तुमच्या हनुवटीशी आलेला असतो. टेबलाला अडकवायचा हात घेतलात तर टेबलावर बोट आपटलं तरी धप्प येईल. केबलवर मात्र खुशाल कंजुषी करा. तीन-पाच मीटरची साधी एक्सएलआर आणि सोन्याचा मुलामा दिलेली, यांतला फरक कोणाला ऐकू येत नाही.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला आत्ता पैसे घालवू नका. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. इतरांनी रीपर घ्यावं, ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. एक निवडा आणि सहा महिने त्यालाच चिकटा. ट्रॅक (एकमेकांसोबत वाजणारी वेगवेगळी रेकॉर्डिंग) पुरतील का, ही काळजी करू नका: १९७९ साली टॅस्कॅमने कॅसेटवर चालणारं पोर्टास्टुडिओ आणलं तेव्हा घरी रेकॉर्ड करणाऱ्यांना मिळून ट्रॅक होते चार.

सामान आलं की पहिल्या दिवशी काय बिघडेल, तेही सांगतो.

विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) आधी टाका, मगच इंटरफेस जोडा, बहुतेकांचा क्रम असाच असतो. प्रोजेक्ट २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. हाच आकडा इंटरफेसच्या सेटिंगमध्येही आहे का ते बघा. एका ठिकाणी ४४.१ आणि दुसऱ्या ठिकाणी ४८ राहिलं तर कधी टिकटिक येते, कधी अख्खं गाणं जवळजवळ दीड सेमीटोन सरकून वाजतं आणि माणूस गिटार पुन्हा पुन्हा सुरात लावत बसतो. जागेची चिंता नको, या दर्जाचा एका माइकचा एक मिनिट म्हणजे साधारण ८.६ एमबी, चार मिनिटांच्या गाण्याचे दहा ट्रॅक ३५० एमबीच्या आत बसतात. तेवढं रोज दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.

कंडेन्सर कधी घेतलात तर क्रम असा: हेडफोनचा आवाज खाली, केबल जोडा, मग ४८ व्होल्ट चालू. काढताना उलट, आणि मध्ये दहा-वीस सेकंद थांबा.

गेन लावताना गाण्यातली सगळ्यात मोठी ओळ गा आणि मीटरवर शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याला आवाज फाटतो). "जरा अजून वर नेऊ, आवाज छोटा दिसतोय" हा मोह सगळ्यांना होतो. चाचणीला माणूस सांभाळून गातो, टेकमध्ये रंगतो. तो फरक सहज ५-६ डेसिबलचा असतो. २४ बिटमध्ये छोटा रेकॉर्ड झालेला आवाज नंतर हवा तेवढा वाढवता येतो, वर आपटून फाटलेला मात्र दुरुस्त होत नाही. नंतर काहीही न बोलता तीस सेकंद रेकॉर्ड करा. मीटर उणे ६० च्या खाली राहिलं तर उत्तम. वर असेल तर हेडफोनवर ऐका: घुंऽऽ असा एकसुरी आवाज असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला तर दोष वीजजोडणीचा आहे. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन तोडून घुंकार घालवायचा 'उपाय' कोणी सुचवला तर तो ऐकू नका, त्यात शॉक लागून जीव जाऊ शकतो. सूंऽऽ असा वाऱ्यासारखा आवाज असेल तर तो लॅपटॉपचा पंखा; लॅपटॉप माइकच्या बरोब्बर पाठीमागे, होईल तितका लांब ठेवा.

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर त्याला लेटन्सी म्हणतात. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर उभ्या असलेल्या कोणीतरी तुमची नक्कल केल्यासारखं; गळा अडखळतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण चालू करा, पण मग सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिली की आवाज पाइपातून आल्यासारखा पोकळ येतो आणि नव्या माणसाला वाटतं माइक बिघडला.

आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर) गिटार घ्या: माइक गिटारच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) समोर, १५ ते २० सेंटीमीटरवर, मान जिथे पोटाला मिळते तिकडे रोखून. गोल भोकासमोर ठेवलात तर नुसती धमधम येते. शेवटची तार विरत असताना क्लिक चालू राहिलं तर हेडफोनमधून ते झिरपतं आणि त्या शांततेत टिक टिक स्पष्ट ऐकू येते. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर क्लिक थांबेल असं आधीच लावून ठेवा. मग गळा. पॉप फिल्टर ओठ आणि माइक यांच्या मध्ये. माइक ओठांच्या रेषेपेक्षा जरासा वर आणि किंचित तिरका ठेवला तर 'प', 'ब', 'फ'चा वारा बाजूने निघून जातो.

राहता राहिले हप्ते. घेऊ नका असंच म्हणेन, पण त्याआधी तुम्हाला एक विचारतो: वर्षाला किती गाणी पूर्ण करता? दोन-तीन असतील तर वेगळा रस्ता आहे. माइक, इंटरफेस आणि हेडफोन एवढंच जुनं घ्या, घरी गिटार आणि कच्चा गळा रेकॉर्ड करा, चाल आणि पट्टी पक्की करा आणि फक्त अंतिम गळ्यासाठी तासाच्या भाड्यावर स्टुडिओत जा. आठवड्याला एक गाणं पाडत असाल तर घरची सोय लवकर वसूल होते, पण तीही वर सांगितल्या क्रमाने जमवता येते, एकदम नाही. "आधी सगळं जमू दे, मग सुरुवात करतो" असं तुमच्या पत्रात दोन ठिकाणी आहे. रजई आणि फोन आजच घरात आहेत. पुढचं गाणं त्यांवर पूर्ण करा. ते ऐकून नेमकं काय खटकतं ते कागदावर लिहा, आणि पहिली खरेदी त्या कागदावरून ठरवा.

फोमची ऑर्डर रद्द होत असेल तर करा. नसेल होत तर भिंतीला चिकटवू नका, गोंद निघताना रंगही घेऊन येतो. चार-चार तुकडे एकावर एक रचा. २४ तुकड्यांचे दहा सेंटीमीटर जाडीचे सहा ठोकळे होतात, दोनाच्या तीन ओळी लावल्या की ६० बाय ९० सेंटीमीटरचं पॅनेल तयार. हवा आरपार जाणाऱ्या जुन्या चादरीची खोळ शिवून त्यात ते बसवा आणि गाताना तुमच्या डोक्यामागे येईल अशा उंचीवर, कपडे वाळवायच्या स्टँडला रजईच्या पुढे बांधा. दिवा किंवा इस्त्री त्याच्या जवळ ठेवू नका, हा फोम लवकर पेटतो.